डबीतला गाळ

तेजूच्या भावानं दुबईच्या विमानतळावरून आणलेली डबी,
उद्याच्या नवरीसाठी.
आत काळीभोर माती, इवला चमचा, वर सोनेरी झाकण,
आणि किंमत अशी
की माझ्या पार्लरचं दोन महिन्यांचं भाडं निघावं.

पार्लर म्हणजे एसटी थांब्यामागची दहा बाय आठची खोली.
फिरत्या खुर्चीचं एक चाक गेलेलं.
आरशाच्या कडेला टिकल्या, गावातल्या निम्म्या कपाळांच्या.
मी काढून चिकटवते, बाया न्यायला विसरतात.

तेजूचा एक गाल माखून झाला होता
तेव्हा प्रणोती शेंडे, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची,
भुवयांसाठी नंबर लावून बसलेली,
डबी उलटी करून म्हणाली,
“शालूताई, याच्यावर देश एक लिवला हाय
अन् माती दुसऱ्याच्या काठावरची हाय म्हंते.”
“कोण म्हंते?”
“वाचलं मी. कब्जा केलेली जागा हाय थे.
ज्याईचा थो काठ होता
त्याईलेच आता तिथं जाले परवाना लागते.”

तेजू डोळे मिटूनच बोलली, ओठ न हलवता,
ओठ हलले की माती तडकते:
“मंग काय करू? धुऊ?”

मी चमचा धरून उभी.

आमचं वावर आठवलं असं म्हणणार नाही.
आठवायला आधी विसरावं लागतं.
दर उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं
की बाबा ऑफिसात अर्ज देतात:
स्वतःच्याच बांधाआतल्या एकरभर गाळात
डांगरं लावायची परवानगी मिळावी.
मिळते. पावती फाडून मिळते.
सातबाऱ्यावर शिक्का, ‘संपादित’.
मराठीच्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं,
संपादित म्हणजे कुणीतरी नीट वाचून
नको ते गाळून छापलेलं.
मी वहीत लिहून घेतलं. पाचपैकी पाच.

पण आमच्यावर बंदूक कोणी धरली नव्हती.
मोबदला आला, कमी आला, उशिरा आला, पण आला.
गाव हलवलं त्या दिवशी मंडपात जेवण होतं,
बुंदी होती, मी दोनदा घेतली.
तिकडच्या बायांचं आणि आमचं
एका तागडीत टाकायला मी कोण?
त्यांची नावंसुद्धा मला नीट म्हणता यायची नाहीत.

तेजूची मामी म्हणाली, “पैसे त गेलेच ना कंपनीले,
आता धुऊन का थे वापस येनार हायेत?”
यावर प्रणोतीकडे उत्तर नव्हतं.
माझ्याकडेही नव्हतं.
पंखा तेवढा कुरकुरत होता.

मी झाकण लावलं.
दुसऱ्या गालाला मुलतानी माती कालवली, गुलाबपाण्यात.
तर प्रणोती म्हणते,
“ताई, मुलतान कोनत्या देशात हाय मालूम हाय ना?”
सगळ्या हसलो. तेजूही हसली,
आणि काळा गाल कानापासून हनुवटीपर्यंत
टरकन तडकला,
मे महिन्यातल्या तळासारखा.

चेहरा धुतला. दोन्ही गाल सारखेच निघाले.
ती गेली हळदीला. डबी नेली नाही, मीही दिली नाही.
प्रणोतीच्या भुवया राहूनच गेल्या.

उरली बादली.
रोज मी पाणी दारापुढं फेकते, धूळ बसावी म्हणून.
त्या संध्याकाळी उंबऱ्यात उभी राहिले,
समोर पुनर्वसनाचे प्लॉट, ओळीनं, आकडे घातलेले.
हात उचलला, खाली घेतला.
शेजारच्या सायकलवाल्यानं विचारलं, काही हरवलं का?

सकाळी कुलूप काढलं तर
पाणी वर निवळलेलं,
तळाशी बोटभर गाळ.
मी बोट घालून पाहिलं.
मऊ होता. आमच्यासारखाच.